वारा आत, किडा बाहेर

जून संपत आला, की बहरीनमधल्या आपल्या घरांत दोन याद्या तयार होतात. एक गावाकडे काय न्यायचं त्याची आणि दुसरी इथे काय काय बंद करायचं त्याची. पहिल्या यादीवर महिनाभर चर्चा चालते. दुसरी मात्र विमानाच्या आदल्या रात्री दहा मिनिटांत उरकते. सिलिंडर बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, फ्रिज रिकामा, कुंड्या शेजारच्या वहिनींकडे. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की न्हाणीघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून गेल्या वर्षी झुरळं आत आली होती. लगेच जुन्या वर्तमानपत्राचा बोळा होतो, भोकात कोंबला जातो आणि वरून खाकी चिकटपट्टी. स्वयंपाकघरातल्या पंख्याचीही तीच गत. झालं, किड्यांचा बंदोबस्त झाला!

बंदोबस्त झाला खरा, पण भोकाचाही झाला. सप्टेंबरात परत आल्यावर त्या बोळ्याची आठवण कुणालाच राहत नाही. बटण दाबलं की पंखा गुरगुरतो, वारा कुठे जात नाही, मोटर तापते आणि एक दिवस जळका वास येतो. पंख्याच्या बाबतीत नुकसान काही दिनारांचं. पण ज्या उपकरणात ज्योत पेटते त्याच्या भोकात असा बोळा बसला, तर नुकसान माणसांचं होतं. म्हणून हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही, आणि सुट्टीच्या आधी त्यावर दोन शब्द लिहावेत असं वाटलं.

सांगायचा मुद्दा एकच. उपकरणाला ठेवलेलं भोक म्हणजे त्याचं नाक. नाकात माशी जाऊ नये म्हणून कुणी नाकात बोळा घालत नाही. किडा अडवायचा, वारा नाही.

आपल्या जुन्या घरांना हे पक्कं ठाऊक होतं. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराला वर सवणं असायचं, उजेड आत येण्यासाठी आणि चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी. इथे मुहर्रकला शेख ईसा बिन अली यांचं जुनं घर पाहायला गेलात, तर वर वाऱ्याचा मनोरा दिसेल. वरचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडायचा, ही त्याची करामत. विजेच्या आधीच्या काळात या बेटावरचा उन्हाळा त्याच्या आधाराने निघायचा. किडामुंगी तेव्हाही होतीच, पण म्हणून कुणी मनोरा लिंपून टाकला नाही.

पाहुणे कोण कोण?

पहिला मान अर्थातच झुरळाचा. २०१६ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल या शास्त्रज्ञांनी झुरळांना फटीतून पळायला लावून त्यांचं चित्रीकरण केलं. मोठं अमेरिकन झुरळ अंग चपटं करून जेमतेम ३ मिलिमीटरच्या फटीतून पार होतं, आणि तेही सेकंदाच्या आत. दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी ती फट. तेव्हा ‘एवढ्याशा भोकातून काय येणार’ हे वाक्य आपण विसरलेलं बरं.

दुसरी कुंभारीण माशी. कंबर अगदी बारीक, अंग काळं-पिवळं. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि भिंतीवर, कोपऱ्यात मडक्यासारखं घर बांधते. त्यात कोळ्यांना डंख मारून, लुळे करून भरते, वर अंडं घालते आणि तोंड लिंपते. हिच्या काही चुलत बहिणी तर स्वतः बांधायचा त्रासही घेत नाहीत. तयार नळी दिसली, की आत शिरून तोंड मातीने बंद. तुम्ही म्हणाल, या कोरड्या देशात ओली माती आणणार कुठून? ती सोय आपणच करून ठेवतो. दमट दिवसांत एका ए.सी.तून दिवसाला कित्येक लिटर पाणी ठिबकतं. खाली माती असेल तर तिथे चिखल तयारच.

तिसरा कोळी. त्याला आठ पाय, म्हणजे शास्त्राप्रमाणे तो कीटक नव्हे, पण जाळं विणताना तो आपल्याला हा फरक सांगत बसत नाही. अरुंद, अंधारी, वाऱ्याची हलकी झुळूक असलेली नळी त्याला फार आवडते. आणि चौथ्या मुंग्या. त्या बाहेरच्या ए.सी. युनिटच्या विजेच्या स्विचमध्ये शिरतात. एकीला शॉक बसला, की मरताना ती धोक्याचा वास सोडते आणि त्या वासाने बाकीच्या धावून येतात. शेवटी मेलेल्या मुंग्यांचा थर बसून स्विच जुळेनासा होतो. मेकॅनिक येतो, फुंकर मारतो, ए.सी. सुरू होतो आणि आपण पैसे मोजतो.

मातीचा एक गोळा

‘किडा तो केवढा, त्याने काय होणार?’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून निघालेलं एक बोइंग ७५७ विमान काही मिनिटांतच समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. विमानाचा वेग मोजण्यासाठी बाहेरच्या बाजूला एक बारीक नळी असते. तीत शिरणाऱ्या वाऱ्याच्या दाबावरून वेग कळतो. त्यातली एक नळी बुजली होती, काटा खोटा वेग दाखवत राहिला आणि वैमानिक गोंधळले. विमान जवळजवळ तीन आठवडे उभं होतं आणि उड्डाणाआधी काही काळ नळ्यांवर टोपणं घातलेली नव्हती. नळ्या समुद्रातून मिळाल्या नाहीत, पण बहुधा कुंभारणीच्या घरानेच ती बुजली असावी, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता.

तीन आठवडे तरी पुष्कळ झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनहून सिंगापूरला निघालेल्या एका विमानाला वेग दिसेना म्हणून परत फिरावं लागलं. सुदैवाने सगळे सुखरूप उतरले. नळी उघडून पाहिली तर आत माती. ते विमान जमिनीवर उभं होतं फक्त दोन तासांच्या आसपास! पुढे संशोधकांनी त्या विमानतळावर नळ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बसवून नजर ठेवली, तेव्हा माश्या त्या पुन्हा पुन्हा बुजवताना आढळल्या.

कोळीही मागे नाही. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत ५० हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर एक पिवळा कोळी पेट्रोलच्या टाकीला हवा देणाऱ्या नळीत जाळं विणत होता. हवा अडली की टाकीत पोकळी निर्माण होऊन टाकीला चीर पडण्याची भीती. २०१४ मध्ये त्याच कारणासाठी आणखी सुमारे ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. मोठमोठ्या कंपन्यांच्या इंजिनियरांनाही कोळी असा पुरून उरतो. त्यातून आपण एवढं घ्यायचं, की एकदा जाळी बसवली म्हणजे काम संपलं असं नाही. अधूनमधून बॅटरी घेऊन आत डोकावावंच लागतं.

भोकाला आधी विचारा

जाळी लावण्यापूर्वी प्रत्येक भोकाला एक प्रश्न विचारायचा: बाबा रे, तुझं काम काय? उत्तरावरून भोकांच्या तीन जाती पडतात.

पहिली जात साध्या हवेची. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची हवेची नळी आणि वाहून जाण्याची नळी या जातीत येतात. इथे बारीक जाळी हवीच, कारण प्रश्न डासांचा आहे. आज या हिरव्या लॉनच्या बेटावर खरं वाटणार नाही, पण गोड्या पाण्याचे झरे आणि खजुराच्या बागा यांमुळे बहरीन एके काळी हिवतापाने गांजलेलं होतं. भारताच्या मलेरिया संस्थेतल्या अफ्रिदी आणि मजीद यांनी १९३८ मध्ये इथल्या हिवतापावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला होता. इथे हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास म्हणजे मुंबईतल्या विहिरी आणि टाक्यांत वाढणारा तोच आपला जुना ओळखीचा. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला आणि त्यानंतर विहिरी झाकण्याचा आग्रह सुरू झाला. तेव्हा टाकीची नळी जाळीने बांधा. मात्र प्लास्टिकची पिशवी बांधू नका. टाकी रिकामी होताना तिलाही हवा आत घ्यावी लागते.

इथे थोडं गणित. डासांच्या जाळीत इंचाला १८ घरं धरली, तर एक घर तारेसकट १.४१ मिलिमीटरचं होतं. तार ०.२८ ची असेल, तर उघडी जागा उरते १.१३. लांबी-रुंदीचा हिशेब केला, की वाऱ्याला मोकळी जागा राहते सुमारे ६४ टक्के. म्हणजे जाळी ताणून बसवली त्याच क्षणी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भोक बंद झालं! त्यावर शमालच्या वाऱ्याची धूळ आणि ऑगस्टमधला दमटपणा यांचा लेप बसला, की उरलेलंही गेलं. यावर उपाय सोपा आहे. जाळी भोकावर सपाट ठोकू नका. तिची खोक्यासारखी टोपी करून बसवा, म्हणजे वाऱ्याला दुप्पट-तिप्पट जागा मिळते. आणि महिन्यातून एकदा जुन्या दाताच्या ब्रशने ती झाडा.

दुसरी जात हवेबरोबर आणखी काही बाहेर फेकणाऱ्या भोकांची. कपडे वाळवायच्या ड्रायरमधून सुताची लव येते, स्वयंपाकघरातल्या पंख्यातून तेलाची वाफ. इथे बारीक जाळी लावू नका. लव जाळीत अडकते, ड्रायर तापतो आणि लव चटकन पेट घेते. तेलकट जाळीचंही तेच. फोडणीच्या वासावर जगणाऱ्या आपल्या घरांत तर ती महिन्याभरात चिकट पापड होऊन जाते. या भोकांना बाहेरून पडदीचं झाकण मिळतं. पंखा सुरू झाला की वाऱ्याने पट्ट्या उघडतात, बंद केला की आपोआप पडतात. न्हाणीघरातल्या पंख्यालाही हेच उत्तम. बोळ्याची गरजच उरत नाही.

ए.सी.चं पाणी वाहून नेणारी नळी याच जातीतली. तिच्या तोंडावर बारीक जाळी बांधली, तर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि पाणी उलट फिरून दिवाणखान्यात येतं. जाळी लावायचीच तर मोठ्या घरांची लावा आणि दर पंधरा दिवसांनी पाहा. बाहेरच्या युनिटला तर जाळीत गुंडाळण्याचा विचारही नको. खोलीतली उष्णता बाहेर टाकणं हेच त्याचं काम. पंचेचाळीस अंशांत त्याला शाल पांघरली, तर काँप्रेसर कसा टिकणार? खिडकीच्या ए.सी.त किडे शिरतात ते बहुतेक वेळा यंत्रातून नव्हे, तर चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून. ती फट फोमच्या पट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवा. यंत्राच्या बाजूच्या जाळ्या मात्र मोकळ्या ठेवा.

विजेच्या गीझरला एक छोटी नळी असते, आतला दाब वाढला तर पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची. तिच्यातून थेंब पडतात म्हणून किंवा मुंग्या शिरतात म्हणून तिला बूच मारू नये. तो गीझरचा सुटकेचा दरवाजा आहे.

जिथे ज्योत आहे तिथे

तिसरी जात सर्वांत नाजूक. ज्या भोकातून ज्योतीला हवा मिळते आणि जळलेला वायू बाहेर जातो, ते भोक.

आपल्या फ्लॅटमध्ये गीझर सहसा विजेचे असतात, त्यामुळे हा प्रश्न सखीरच्या वाळवंटात जास्त भेटतो. थंडी पडली, की साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत तिथे तंबूंची वस्ती उभी राहते. बहरीनी कुटुंबं आठवडेच्या आठवडे तिथे रमतात. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आमंत्रणावरून किंवा चार घरं मिळून आपली मंडळीही जातात. तंबूंच्या जोडीला कॅराव्हॅन असतात. त्यांपैकी काहींत गॅसवर चालणारा फ्रिज, पाणी तापवायचा बंब आणि हीटरसुद्धा असतो. गॅसवर थंडावा ही गंमत १९२२ मध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी शोधून काढली. या फ्रिजला काँप्रेसर नसतो. छोटी ज्योत अमोनियाचं पाणी तापवते आणि त्यातून गारवा निर्माण होतो. पाठीमागे खाली एक झरोका आणि वर एक. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर.

आता विचार करा. ही गाडी मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत कुठल्या तरी अंगणात आठ महिने बंद उभी होती. वर सांगितलेल्या विमानाला तीन आठवडे पुरले होते! कोळ्याने बर्नरच्या नळीत जाळं केलं, की ज्योतीला हवा कमी पडते. निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बाहेर जायचा मार्ग कुंभारणीने लिंपलेला असेल, तर हा वायू आत राहतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं, दिवसभराचा थकवा आहे. तो झोपतो आणि उठत नाही.

म्हणून अशा गाडीत पहिल्यांदा गॅस पेटवण्याआधी माहीतगाराकडून बर्नर आणि झरोके उघडून, मऊ ब्रशने साफ करून घ्यावेत. गॅसच्या बारीक छिद्रात तार खुपसू नये. छिद्र मोठं झालं की गॅस जास्त येतो. हीटर आणि बंब यांच्या तोंडावर बाजारातली जाळी आपल्या मनाने बसवू नये. अनेक उत्पादक तिला स्पष्ट मनाई करतात. त्यांनीच त्या मॉडेलसाठी दिलेलं आवरण असेल तरच वापरावं. झरोक्यात डांबरगोळ्या टाकणं किंवा पेटलेल्या उपकरणाजवळ किड्यांचा स्प्रे मारणं तर नकोच. डांबरगोळ्यांची वाफ आणि स्प्रेमधला वायू, दोन्ही पेट घेणारे.

कॅराव्हॅनच्या तळालाही पुष्कळदा छिद्रं असतात. मुंग्या येतात म्हणून ती बंद करायचा मोह होतो. पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला, तर त्या छिद्रांतून खाली निघून जावा म्हणूनच ती ठेवलेली असतात. त्यांवरची वाळू झाडा, पण ती बुजवू नका. झोपायच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि जनरेटर तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. एकाच वेळी दोघांतिघांचं डोकं दुखू लागलं तर चर्चा न करता सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं आणि ९९९ ला फोन करावा.

‘आम्ही काही कॅराव्हॅनमध्ये राहत नाही’ असं म्हणून पान उलटू नका. जुलैमध्ये आपण ज्या घरी उतरणार आहोत, त्या पुण्या-नाशिकच्या घरात न्हाणीघरात गॅसचा गीझर असू शकतो. पावसाळ्यात डास आणि पाखरं येतात म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा लावलेला असतो. दार बंद, खिडकी बंद, आत ज्योत आणि आंघोळ करणारं माणूस. अशा न्हाणीघरात गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. त्यात तरुण जोडपी असतात, शाळकरी मुलं असतात. आई-बाबांकडे गेल्यावर पहिल्या दिवशी तेवढा पुठ्ठा काढा. जाळी लावायची तर खिडकीला टोपीसारखी लावा. आणि जमलं तर गीझर न्हाणीघराच्या बाहेर हलवून घ्या. इथून नेलेल्या बदामांपेक्षा ती भेट जास्त मोलाची ठरेल.

निघण्यापूर्वी

बोळ्याऐवजी काय करायचं ते थोडक्यात.

पंख्यांना पडदीची झाकणं एकदाच बसवून घ्या. तरीही काही बंद करावंच लागलं, तर बाहेरून नव्हे, आतून बंद करा, आणि त्याच वेळी त्या उपकरणाच्या बटणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: ‘भोक बंद आहे.’ विमानतळावर नळ्यांच्या टोपणांना लांब लाल फीत बांधतात, ती याचसाठी. टोपण घातलेलं विसरू नये म्हणून.

मोरीच्या जाळीतून येणाऱ्या झुरळांना अडवतं ते आतलं साठलेलं पाणी. दोन महिन्यांत ते आटतं. निघताना मोरीत तांब्याभर पाणी ओता आणि वर चमचाभर खायचं तेल. तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही.

परत आल्यावर ए.सी. लगेच लावण्याचा मोह होईल, तो साहजिक आहे. पण आधी पाच मिनिटं बॅटरी हातात घ्या. बाहेरचं युनिट, पाण्याची नळी, पंख्याच्या पट्ट्या, सगळीकडे एकदा उजेड टाका. मातीचं घर दिसलं तर उपकरण बंद असतानाच खरवडून काढा. मुलांना बरोबर घ्या. त्यांना हे काम फार आवडतं, आणि कुंभारणीच्या घरात काय काय भरलेलं असतं ते दाखवायला यापेक्षा चांगली संधी नाही.

किडे जायचे नाहीत. ते आपल्याआधी या बेटावर आले आणि आपण निवृत्त होऊन गेल्यावरही इथेच राहतील. त्यांना दारातून परत पाठवायचं, एवढंच आपल्या हातात. पण त्यासाठी घराचा आणि ज्योतीचा श्वास कोंडू द्यायचा नाही. सुट्टी सुखाची जावो, आणि सगळी मंडळी गणपतीला इथे पुन्हा खुशाल भेटोत!